१५ जूनच्या अलीकडे-पलीकडे: शाळेसाठी घर तयार करताना

सोलापुरात शाळा सुरू होते ती जूनच्या मध्यावर. विदर्भातल्या पोरांना उन्हामुळे आणखी आठवडाभर तरी मिळतो. आपलं ऊनही काही कमी नसतं, पण आपली घंटा १५ जूनच्या आसपास वाजतेच. त्या सकाळी कुठल्याही शाळेच्या गेटवर उभं राहा. फुगे, गुलाबाची फुलं, कुठं हलगी, आणि या सगळ्याच्या वर पहिलीच्या पोरांचा सूर. मी वीस वर्षं पहिलीचा वर्ग घेतला. सुरुवातीची काही वर्षं मी रडणाऱ्या पोरांकडे बघायची. पुढं त्यांना सोडायला आलेल्यांकडे बघायला लागले, कारण पोरगं किती दिवस रडणार याचा अंदाज तिथंच यायचा.

ज्या घरात मोठ्यांनी आपली घालमेल आधी आवरली, तिथलं पोर बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत रुळायचं. ज्या घरातले सगळे डोळे पोराच्या डोळ्यांतल्या पाण्यावर, तिथं प्रकरण गणपतीपर्यंत जायचं. म्हणून इथं सुरुवात दप्तराऐवजी घरातल्या मोठ्या माणसांपासून करू.

मेच्या शेवटी: आधी मोठ्यांचं

एका रात्री पोरं झोपल्यावर घरातल्या सगळ्या मोठ्यांनी चहा घेऊन बसायचं आणि प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची: या शाळेच्या वर्षाबद्दल मला कशाची भीती वाटते? पोराला नव्हे, मला. हे करायला लाज वाटते, मला माहीत आहे. पण त्यातून काय निघतं ते बघा.

सोलापूरच्या पूर्व भागातली एक आई मला सांगत होती. सूप मांडीवर घेऊन ती दिवसभर घरी विड्या वळायची आणि पाच वर्षं पोरगी शेजारी बसून पानांचे तुकडे गोळा करायची. "बाई, ती शाळेत गेली की घरात आवाजच राहणार नाही हो." रोज सकाळी पोरीला ती दहा-दहा वेळा पोटाशी धरायची, आणि पोरगी त्या मिठीवरून ताडायची की कुठंतरी भयंकर ठिकाणी आपली रवानगी होतेय. त्या आईला हे एकदा मोठ्यानं बोलता आल्यावर मिठ्या दोनावर आल्या.

बापाची भीती बहुतेक वेळा पैशाची असते. फी, बूट, व्हॅनचं भाडं, वह्या. हा हिशेब खरा आहे, तो करायलाच हवा, पण पोरासमोर नको. "तुझ्यापायी एवढे पैसे घातलेत" हे वाक्य पाच वर्षांच्या पोराला कर्जासारखं चिकटतं. आणि हिशेब करताना एवढं लक्षात असू द्या: जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. दुकानात रांग लावण्याआधी शाळेत विचारा.

आजी-आजोबांचं दुखणं निराळं. सून-मुलगा कामावर, नातू दिवसभर आपल्यापाशी, आणि आता अचानक दुपार रिकामी. "एवढ्याशा लेकराला कशाला डांबायचं?" असं आजी म्हणते तेव्हा ती शिक्षणाविरुद्ध बोलत नसते. तिला एक काम द्या. शाळेतून आणायचं काम, किंवा संध्याकाळच्या खाऊचं काम. माझ्या बघण्यात हा उपाय फारसा फसलेला नाही.

याच बैठकीत काही वाक्यांवर घरभर बंदी घाला. पहिलं, "शाळेत जा, मग बाई बरोबर सरळ करतील." दुसरं, "मस्ती केलीस तर सरांना सांगेन." मे महिनाभर तुम्ही आम्हाला बागुलबुवा करून ठेवता आणि जूनमध्ये पोरगं आमच्याकडे बघून किंचाळलं की म्हणता, "घाबरट आहे हो जरा." (हा माझा जुना राग आहे, सोडून द्या.) तिसरं वाक्य उलट्या टोकाचं: "शाळेत नुसती मज्जा असते!" मज्जा असते, पण नुसती नसते. पहिल्याच दिवशी बाक टोचतो, शेजारचा ढकलतो, आणि पोराला वाटतं आपल्याला फसवलं. त्यापेक्षा जसं आहे तसं सांगा: "काही गोष्टी आवडतील, काही नाही आवडणार. घरी आल्यावर दोन्ही मला सांग."

दहा दिवस आधी: झोप, ऊन आणि पाण्याचा दिवस

चिडचिड, रडणं, हट्ट यातलं निम्मं तरी झोपेचं असतं. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास, ६ ते १२ वर्षांच्याला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्याला ८ ते १० तास झोप लागते. आता आपल्याकडचा मे आठवा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, पत्र्याचं घर मध्यरात्रीपर्यंत तापलेलं, सगळे गच्चीवर, साडेअकरापर्यंत गप्पा, सकाळी ऊन डोळ्यांवर आलं की अंथरूण गुंडाळून खाली येऊन पुन्हा झोप. १४ जूनच्या रात्री त्याच पोराला "नऊ वाजले, झोप" म्हणून काय उपयोग?

इथं बहुतेक जण उलटीकडून सुरुवात करतात. लवकर झोपवायला जातात आणि तासभर कुस्ती होते. आधी उठण्याची वेळ ओढा. दर दिवसा-दोन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. उठल्याबरोबर दारात किंवा गच्चीवर उजेडात आणा. शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. दुपारची झोप चारच्या पुढं जाऊ देऊ नका. चार-पाच दिवसांत रात्रीची झोप आपोआप मागून अलीकडे येते. मोबाइल मात्र झोपण्याआधी तासभर बाजूला हवा, आणि हा नियम आई-बापालाही लागू.

फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. तेव्हा लहानांना पहाटे पाचला उठवण्याची गरज नाही. मोठ्या वर्गांची सकाळसत्रं मात्र लवकर असतात. आपल्या शाळेची नक्की वेळ काढा, आंघोळ-नाश्ता-रस्ता यांचे मिनिट मागे मोजा, त्यातून उठायची वेळ ठरवा.

आणि आता खास आपल्या गावाचं. नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं, आणि आलं की अख्खं घर नळाशी. त्या सकाळी आईच्या हातात पाइप, बाप टाकीवर, आजी कळशा भरतेय, आणि पोराची चड्डी कुणी घालायची? मी वर्गात हजेरी घेताना ओळखायची, आज कुठल्या गल्लीत पाणी आलं ते. उशिरा आलेली, केस न विंचरलेली, घरून ओरडा खाऊन आलेली पाच-सहा पोरं एकाच भागातली. ही गोष्ट टळणार नाही, पण ठरवून ठेवता येते. पाण्याच्या दिवसाच्या आदल्या रात्री गणवेश, दप्तर, मोजे दाराशी. सकाळचा डबा साधा, आणि घरातला एक माणूस फक्त पोराचा. त्यानं नळाकडे बघायचंच नाही.

आठवडा आधी: शाळा बघून या, आणि डबा उघडून बघा

शाळा सुरू होण्याआधी शाळांत शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. त्याला जा. ते जमलं नाही तर एखाद्या संध्याकाळी नुसतं गेटपर्यंत चालत जा. रस्त्यात काय काय लागतं ते पोरालाच सांगू द्या: हे रसवंतीचं दुकान, ही पिठाची गिरणी, इथं पांढरं कुत्रं बसतं, मग शाळा. ओळखीच्या खुणा असल्या की रस्ता आपला वाटतो.

आत जायला मिळालं तर वर्गाआधी मुतारी बघा. हसू नका. पहिलीच्या पोरांना सगळ्यात मोठी भीती अक्षरांची नसते, ती असते शू लागली तर काय करायचं याची. दार लावता येत नाही, अंधार असतो, कुणाला विचारायचं माहीत नसतं. मग पोरगं दिवसभर पाणी पीत नाही, शू दाबून धरतं, आणि दुपारी एकतर डोकं दुखतं नाहीतर चड्डी ओली होते. एकदा चड्डी ओली झाली की दुसऱ्या दिवशी ते शाळेला नाही का म्हणतंय याचं कारण ते तुम्हाला कधीच सांगणार नाही. म्हणून घरी सराव घ्या: हात वर करायचा आणि म्हणायचं, "बाई, शूला जाऊ?" दहा वेळा म्हणवून घ्या, हसत-खेळत. चेन लावणं, नाडीऐवजी इलॅस्टिकची चड्डी, बुटांना चिकटपट्टी. आत्मविश्वास वगैरे मोठे शब्द आपण वापरतो, पण सहा वर्षांच्या पोराचा आत्मविश्वास बराचसा चड्डीच्या बटणावर असतो.

तसाच डबा. माझ्या वर्गात एक मुलगा होता, पहिले तीन दिवस डबा तसाच घरी न्यायचा. आई हवालदिल. चवथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याच्याजवळ जाऊन बसले. स्टीलचा गोल डबा, नवा, झाकण घट्ट. आत पोळीचा रोल आणि शेंगाचटणी, आणि चटणीचं तेल झाकणाच्या कडेला आलेलं, त्यामुळं बोटं सटकत होती. तो दोन्ही गुडघ्यांत डबा धरून झाकण ओढायचा, निघालं नाही की इकडंतिकडं बघायचा आणि डबा परत दप्तरात. कुणी बघितलं नाही ना, एवढीच त्याची काळजी. मी झाकण फक्त सैल केलं, उघडलं नाही. उघडलं त्यानंच. त्यानंतरची त्याची नजर मला आजही आठवते. तेव्हा नवा डबा आणलात की घरी जमिनीवर बसवून, पंधरा मिनिटं लावून, पोराला एकट्याला जेवू द्या. पाण्याच्या बाटलीचंही तसंच.

गेटवर

इथं तीन गोष्टी: एकच माणूस सोडायला, एकच वाक्य, आणि परत कधी येणार त्याची खूण.

अख्खं खानदान गेटवर नको. जो माणूस सगळ्यात शांत, त्यानं सोडायचं. तो बाप असेल तर बाप. यंत्रमागावर रातपाळी करून सकाळी घरी येणारे किती तरी बाप मी पाहिलेत, ते झोपायच्या आधी पोराला सोडून जायचे. डोळे तांबारलेले, अंगावर सुताचे तंतू, पण घाई नाही, रडारड नाही. "चल, मी झोपून उठलो की तू येशीलच." पोरंही त्यांच्याबरोबर निमूट यायची. शिवाय रातपाळीच्या बापाला दिवसभरात पोराबरोबर तेवढीच वीस मिनिटं मिळतात.

वाक्य ठरलेलं ठेवा आणि रोज तेच म्हणा. परत येण्याची खूण घड्याळात सांगू नका, पाच वर्षांच्या पोराला साडेबारा म्हणजे काय कळतं? गोष्टींत सांगा. "आधी प्रार्थना, मग गाणी, मग खिचडी, मग घंटा, आणि मग गेटवर मी." आणि मग खरंच तिथं असा. पाच मिनिटं आधी. पहिल्या आठवड्यात उशीर झाला तर पोराच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत.

आमच्या लहानपणी पेनानं मनगटावर घड्याळ काढायचे. ते पुन्हा काढा. काटे शाळा सुटण्याच्या वेळेवर. वर्गात रडू आलं की पोरगं मनगटाकडे बघतं. एका मुलीनं ते घड्याळ आंघोळीत पुसू नये म्हणून हात बादलीबाहेर धरून आंघोळ केली होती, असं तिची आई सांगत होती.

गुपचूप सटकू नका. पोर खेळात रमलंय असं बघून मागच्या मागं निघून जाणं सोपं वाटतं, पण नंतर ते मान वळवून बघतं तेव्हा तुम्ही गायब. दुसऱ्या दिवशी ते एक क्षणही तुमचा हात सोडणार नाही, आणि त्याचं चुकतंय असंही म्हणता येणार नाही. सांगून जा, रडलं तरी सांगून जा. आणि गेल्यावर परत फिरू नका.

हे मी कुणाला शिकवावं? माझ्या स्वतःच्या लेकीला दुसऱ्या एका शाळेत घातलं तेव्हा इतकी वर्षं इतरांना सांगितलेलं सगळं मी विसरले. तिला सोडून कडुलिंबाच्या मागं उभी राहिले, खिडकीतून दिसेल अशी. तिला माझ्या साडीचा पदर दिसला. थांबत आलेलं रडणं दुप्पट झालं. तिथल्या बाई बाहेर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जावा हो मॅडम. तुम्ही असेपर्यंतच ती रडूलालीय." मी मुकाट्यानं गेले. दुपारी कळलं, मी वळल्यावर पाचव्या मिनिटाला ती मणी ओवत बसली होती.

संध्याकाळ

सगळ्यात जास्त चुका इथं होतात, आणि सगळ्यात जास्त कमाईही इथंच.

शाळेत पोर दिवसभर स्वतःला सावरून धरतं. रडायचं नाही, ढकलायचं नाही, रांग मोडायची नाही. घराचा उंबरा ओलांडला की तो बांध फुटतो. बूट भिरकावतं, धाकट्याला चिमटा काढतं, "भाकरी अशी का मोडली?" म्हणून भोकाड पसरतं. आईला वाटतं शाळेत जाऊन पोरगं बिघडलं. ते बिघडलेलं नसतं. दिवसभराचं ओझं उतरवायला त्याला एकच सुरक्षित जागा माहीत आहे, ती म्हणजे तुम्ही. पहिला अर्धा तास काहीही विचारू नका. पाणी, खायला, आणि मोकळं सोडा. दूध-केळं, चुरमुऱ्याचा चिवडा, घरात धपाटं असेल तर फारच उत्तम.

मग बोलणं. "आज काय शिकवलं?" याला "काही नाही" हेच उत्तर येतं, आणि पोराच्या दृष्टीनं ते खरं असतं. त्यापेक्षा बारीक प्रश्न: डब्यात कुणी काय आणलं होतं? शेजारी कोण बसलं? आज कुणाला रडू आलं? शेवटचा प्रश्न मोलाचा आहे, कारण पोरं स्वतःचं रडणं दुसऱ्याच्या नावावर सांगतात. समोरासमोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलं की ती चौकशी होते. हातात काम असलं की तोंड मोकळं होतं. गाडीवर पुढं उभं करून कंबर तलावाकडे एक फेरी मारा. नाहीतर परातीत शेंगा घेऊन फोडत बसा, दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे, आणि मधेच पोरगं म्हणतं, "तो मोठा मुलगा ना, माझी टोपी घेतो." तेव्हा लगेच "कोण तो? नाव सांग!" म्हणून उठू नका. आणखी चार शेंगा फोडा. उरलेलं बाहेर येऊ द्या.

भावनांना नावं द्या. आपल्या भाषेत त्यांची काय कमी आहे? धाकधूक, घालमेल, हिरमुसणं, रुसणं, ओशाळणं, पोटात गोळा येणं, जीव घाबराघुबरा होणं. पोराला "टेन्शन" हा एकच शब्द येतो, कारण आपण दिवसभर तोच वापरतो. "सकाळी पोटात गोळा आला होता का?" असं विचारलं की त्याला कळतं, ही गोष्ट सगळ्यांना होते, तिला नाव आहे, म्हणजे ती जातेही. "पोरगा असून रडतोस?" हे मात्र तोंडातून निघू देऊ नका. त्यानं रडणं थांबत नाही, सांगणं थांबतं.

घरची बोली एक, शाळेची दुसरी

सोलापूरच्या वर्गात चार भाषा एका बाकावर बसतात. घरी तेलुगू, दारात कानडी, बाजारात हिंदी-उर्दू आणि शाळेत मराठी. आता बऱ्याच घरांत शाळा इंग्रजी. असं पोर पहिले काही आठवडे वर्गात तोंडच उघडत नाही. घरी पोपटासारखं बोलणारं पोरगं शाळेत मुकं. घाबरू नका. ते ऐकत असतं, साठवत असतं. नव्या भाषेत आधी समजतं आणि मग बोलता येतं. महिन्या-दोन महिन्यांनी एके दिवशी अख्खं वाक्य बाहेर पडतं.

त्याच्यासाठी घरची बोली बंद करू नका. "आता घरात फक्त इंग्लिश" असा फतवा निघालेली घरं मी पाहिली आहेत. तिथं आजी आणि नातू यांचं बोलणंच थांबतं, आणि ज्या काळात पोराला सगळ्यात जास्त धीर हवा, त्याच काळात धीराची भाषा जाते. त्यापेक्षा शाळेची पाच-सात वाक्यं पक्की करून घ्या: पाणी हवं, शूला जायचंय, दुखतंय, समजलं नाही, घरी कोण न्यायला येणार. आणि बाईंना तुमचे दोन शब्द शिकवा. पोरगं "नीळ्ळु" म्हणालं काय किंवा "नीरु" म्हणालं काय, त्याला पाणीच हवंय, हे मला माझ्या पहिल्या वर्षी एका तेलुगू आजीनं आणि एका कानडी आईनं गेटवर शिकवलं. तेवढ्यावर माझी वीस वर्षं निभावली.

सकाळची पोटदुखी

जुलै उजाडतो आणि सोमवारी सकाळी पोट दुखायला लागतं. पहिली गोष्ट: हे नाटक आहे असं गृहीत धरू नका. काळजीनं पोट खरंच दुखतं. दुसरी गोष्ट: म्हणून शाळा बुडवायची असंही नाही.

ताप बघा, उलटी-जुलाब आहेत का बघा, पोटावर हात ठेवून कुठं दुखतं ते विचारा. काही आढळलं तर डॉक्टर आणि घरी विश्रांती. काही नसेल तर म्हणा, "दुखतंय ना, मला कळतंय. चल, हळूहळू जाऊ. मधल्या सुट्टीपर्यंत थांबलं नाही तर बाई फोन करतील." आणि जा. अर्धा दिवस गेलं तरी चालेल, पण शाळेचं तोंड बघितलं पाहिजे. एक दिवस बुडाला की दुसऱ्या दिवशीची भीती वाढते. घरी ठेवावंच लागलं तर तो दिवस कंटाळवाणा असू द्या. मोबाइल नाही, टीव्ही नाही, बाजारात फिरणं नाही.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पोटदुखीच्या दिवशी टिंब करा. तीन आठवड्यांनी बघा. टिंबं फक्त सोमवारी आहेत? मग रविवारची रात्र उशिरापर्यंत जागी असते. ठरावीक वारी आहेत? त्या दिवशी कुठला तास असतो ते बघा. रविवारीही दुखतंय? मग डॉक्टरांना दाखवाच. एका मुलाची टिंबं सगळी व्हॅनच्या दिवसांची होती, बाप सोडायचा त्या दिवशी एकही नाही. व्हॅनमध्ये मागच्या बाकावरची दोन मोठी पोरं त्याला मांडीवर बसवून टपल्या मारायची. आई-बाप दीड महिना ओवा देत होते.

पाचवी, आठवी आणि दहावी

लहानग्यांच्या गडबडीत मोठ्यांकडे दुर्लक्ष होतं. जिथं शाळा चौथीला किंवा सातवीला संपते, तिथून पोरगं प्रशालेत जातं. कालपर्यंत शाळेतलं सगळ्यात मोठं होतं, आज सगळ्यात लहान. एका बाईंऐवजी दर तासाला नवे सर, तीन तुकड्या, जुना मित्र दुसऱ्या तुकडीत. ते रडणार नाही, गप्प होईल, किंवा उद्धट होईल. जुन्या मित्रांशी रविवारची भेट ठरवून द्या, वेळापत्रक दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटवा, आणि पहिल्या चाचणीच्या गुणांवरून घर डोक्यावर घेऊ नका. त्या गुणांत निम्मं ओझं नव्या जागेचं असतं.

तेरा-चौदाच्या पुढं शरीराची झोपच उशिरा सरकते. सकाळी न उठणारा मुलगा दर वेळी आळशी नसतो. रात्रीचा मोबाइल मात्र त्यात भर घालतो, तो हॉलमध्ये चार्जिंगला.

दहावीबद्दल फार लिहीत नाही. जूनपासून केबल बंद, पाहुणे बंद, लग्नाला जाणं बंद, असं वर्ष काढणारी घरं फेब्रुवारीपर्यंत थकून जातात, आणि परीक्षा तर तेव्हा असते. पोराला खेळायचा एक तास आणि घराला हसण्याचा एक तास शिल्लक ठेवा. काकांना टक्क्यांची चौकशी करू नका असं सांगायचं काम बापाचं.

मधेच येणारे खोडे

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांवरचे प्रवेश काही वर्षी शाळा सुरू झाल्यावरही चालू राहतात. उशिरा गेलेल्या पोराला सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या दिसतात. बाईंना पहिल्याच दिवशी भेटून त्याला एक सोबती नेमून द्यायला सांगा, आणि तुम्ही त्या सोबत्याच्या आईशी ओळख काढा.

आषाढी जवळ आली की आपल्या जिल्ह्यात शाळेचा आठवडा विस्कटतो. पालख्या, सुट्ट्या, आजी-आजोबा वारीला. चार दिवस पंढरपूर करून आलेलं पोर पुन्हा गेटवर रडलं तर "सगळं पाण्यात गेलं" असं समजू नका. पहिल्या दिवसाचा तोच क्रम पुन्हा, या वेळी दोन दिवसांत निभेल.

बाईंशी बोलणं, आणि आणखी कुणाशी

तक्रार घेऊन जाण्याआधी माहिती घेऊन जा. "आमच्या घरी आजोबा वारले मेमध्ये, ती त्यांच्याजवळ झोपायची", "बाबा पुण्याला कामाला गेलेत" असं एक वाक्य आम्हाला कळलं की पोराच्या वागण्याचा अर्थ लागतो. गेटवर दहा जणांसमोर नको, वहीत चिठ्ठी द्या, शाळा सुटल्यावर भेटा. पोरासमोर बाईंना नावं ठेवू नका, आणि बाईंसमोर पोराला.

पण मारहाण, अपमान, वर्गाबाहेर उभं करणं असं काही कळलं तर संकोच नको. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. आधी मुख्याध्यापकांकडे, लेखी.

महिना-दीड महिना उलटूनही पोर खात नाही, झोपेत दचकून ओरडतं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय, शाळेचं नाव काढलं की थरथरतं, किंवा मोठं पोर "मी नसतो तर बरं" असलं काही बोलतं, तर घरगुती उपायांवर थांबू नका. शेवटचं वाक्य ऐकलंत तर महिन्याची वाट बघूच नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. पोराला कुणी त्रास देत असेल तर चाइल्डलाइन ही मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८. सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. तिथं गेलं म्हणजे पोर वेडं ठरत नाही, चष्मा लागला म्हणून आंधळं ठरत नाही तसंच.

आणि हे सगळं दिवाळीनंतर पुन्हा एकदा करावं लागतं, छोट्या मापानं. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून उठण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे, किल्ल्यातले मावळे डब्यात, आणि शाळेच्या आदल्या रात्री मनगटावर घड्याळ. माझ्या लेकीनं सहावीत असतानाही काढून घेतलं होतं. बाहीच्या आत, कुणाला दिसू नये असं.